डेटाबेस ‘नाही’ म्हणतो तेव्हा

विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्याचे काम आता शिक्षकांना नवे राहिलेले नाही. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ आले, यू-डायसचे तक्ते कागदावरून पडद्यावर गेले, आणि शाळाशाळांतून एक नवा अनुभव सगळ्यांच्या वाट्याला आला. सगळे रकाने भरायचे, शेवटचे बटण दाबायचे, आणि लाल अक्षरांत एक ओळ उमटायची : ही नोंद आधीच अस्तित्वात आहे. कधी तर नुसताच एक आकडा. अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो, ‘माझे काय चुकले?’

पुष्कळदा काहीही चुकलेले नसते. शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. त्यातला क्रमांक एका मुलाला दिला की दुसऱ्याला देता येत नाही. मूल शाळा सोडून गेले तरी त्याची नोंद खोडता येत नाही. जन्मतारीख बदलायची तर वरून आदेश लागतो. एखाद्या दिवशी घाईत आपण क्रमांक सांगावा आणि कार्यालयातल्या जुन्या लिपिकाने ‘सर, हा नंबर दिलाय’ म्हणून पेन खाली ठेवावे, तर लिपिक बिघडला असे आपण म्हणत नाही. रजिस्टर चांगल्या हातात आहे, असे म्हणतो. डेटाबेस, म्हणजे माहितीचा मोठा साठा सांभाळणारी आज्ञावली, हेच काम करत असते. फरक इतकाच की लिपिक आपल्याशी मराठीत बोलतो, तर डेटाबेसची भाषा गेल्या पन्नास-साठ वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या श्रोत्यांसाठी घडवलेली आहे. त्या श्रोत्यांत आपण नव्हतो. ही घडण कशी झाली ते थोडे पाहिले, तर पडद्यावरची ओळ वाचणे पुष्कळ सोपे होते.

दोन अक्षरांचे उत्तर

चंद्रावर माणूस पाठवायचे अमेरिकेने १९६१ साली ठरवले. अपोलो यान बांधण्याचे काम ज्या कंपनीकडे होते, ती पुढे रॉकवेल या नावाने ओळखली गेली. यानाचे सुटे भाग लाखोंनी होते. कोणता भाग कशात बसतो, तो बदलला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागते, याची यादी कागदावर ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून १९६६ मध्ये आयबीएमचे १२, रॉकवेलचे १० आणि कॅटरपिलर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचे ३ अशा पंचवीस जणांनी ही यादी सांभाळणारी आज्ञावली रचायला घेतली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी येथे, टंकयंत्रासारख्या एका टर्मिनलवर, तिने आपण तयार असल्याचा पहिला संदेश छापला. पुढच्या वर्षी तिला आयएमएस हे नाव मिळाले.

आयएमएसला एखादी नोंद मागितली की ती नोंद देई, आणि सोबत ठरलेल्या जागी दोन अक्षरे ठेवी. दोन्ही जागा कोऱ्या असल्या तर सगळे ठीक. ‘जीई’ म्हणजे मागितलेले सापडले नाही. ‘जीबी’ म्हणजे साठा संपला, पुढे काही नाही. ‘आयआय’ म्हणजे तुम्ही जे घालू पाहता ते आधीच आहे. आपल्या पडद्यावरची ती लाल ओळ या ‘आयआय’चे पणतवंड आहे म्हणा ना!

एवढी काटकसर कशासाठी? पहिले कारण स्मृतीचे. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ३६० मालिकेतल्या मॉडेल ३० या संगणकाची स्मृती ८ हजार ते ६४ हजार बाइट इतकीच असे. ‘ही नोंद आधीच अस्तित्वात आहे’ हे वाक्य आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरीत साठवले, तर ७३ बाइट लागतात. असली शे-दोनशे वाक्ये स्मृतीत बाळगायची, तर खऱ्या कामाला जागा कुठून आणायची? दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ही दोन अक्षरे माणसासाठी नव्हतीच. ती वाचणारी होती दुसरी आज्ञावली, बहुधा कोबोल भाषेत लिहिलेली. तिला ‘जीई’ मिळाले की ती म्हणे, बरे, नोंद नाही ना, मग आता नवी घालू या. इथे चूक कुणाचीच नाही. एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर ‘नाही’ आले, एवढेच.

माणसाशी बोलायची वेळ आली की तो माणूस असे संगणकाच्या खोलीतला ऑपरेटर. त्याच्यासाठी ३६० मालिकेच्या नियंत्रक आज्ञावलीत एक शिस्त पाळलेली होती. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला काही अक्षरे आणि आकडे, आणि शेवटी एक अक्षर. सुरुवातीच्या अक्षरांवरून संदेश कोणत्या विभागातून आला ते कळे. शेवटच्या अक्षरावरून काय करायचे ते कळे : ‘आय’ असेल तर नुसती माहिती, ‘ए’ असेल तर ताबडतोब काही तरी करा, ‘डी’ असेल तर निर्णय तुमचा. आपले काम नेमके कोणते, हे सांगणारा एवढा सरळ संदेश आजच्या पडद्यांवरही क्वचितच दिसतो.

आज्ञावली मध्येच बंद पडली तर मात्र नुसता संकेतांक मिळे. ‘एस-शून्य-सी-सात’ हा त्यातला कुप्रसिद्ध. संख्येच्या जागी संख्या नसलेले काही तरी आले आणि त्याच्याशी गणित करायला सांगितले, की तो उमटे. रकान्यात शून्य लिहायचे राहून जागा नुसती कोरी राहिली, तरी एवढे पुरे असे. शून्य आणि कोरे यांतला फरक आपण मुलांना गुणपत्रिका भरताना समजावून सांगतो. ‘शून्य गुण’ निराळे आणि ‘गैरहजर’ निराळे. यंत्राला तो फरक काटेकोरपणे माहीत होता, पण सांगता मात्र येत होता तो चार चिन्हांत. त्याचा अर्थ जाडजूड संदेश-पुस्तिकेत पाहावा लागे. २००० सालाच्या तारखांची दुरुस्ती पुण्या-मुंबईतही मोठ्या प्रमाणावर झाली. त्या काळात जुन्या कोबोल आज्ञावल्यांवर काम केलेल्या कुणाही मराठी तंत्रज्ञाला या संकेताचे नाव काढून पाहा, आधी तो हसेल.

नियम कोणी सांभाळायचे?

जून १९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएमच्या संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती कुठे, कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याने करू नये, हा त्याचा गाभा. त्यावरून आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी मांडलेली प्रश्नभाषा पुढे एसक्यूएल म्हणून जगभर पसरली. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या बदलात एक मोठी गोष्ट दडलेली होती. तोवर माहितीचे बरेचसे नियम आज्ञावली लिहिणारा सांभाळत असे. वय ऋण असू नये, विद्यार्थी ज्या वर्गात घालायचा तो वर्ग शाळेत असावा, हे तपासणे त्याच्या स्मरणशक्तीवर आणि सचोटीवर अवलंबून. एकाच साठ्यावर दहा आज्ञावल्या काम करत असल्या आणि त्यांतली एक विसरली, की साठा बिघडला. आणि बिघडला हे कळायला कधी कधी वर्षे जात. आता नियम हळूहळू तक्त्याच्या व्याख्येतच लिहिले जाऊ लागले. हा रकाना कोरा चालणार नाही. हा क्रमांक दोनदा येणार नाही. या तक्त्यातला वर्ग त्या तक्त्यात असलाच पाहिजे. माहिती घेऊन कुणीही येवो, दार एकच, आणि दारावर नियम.

साहजिकच नकारांची संख्या वाढली. पूर्वी जी चुकीची माहिती गुपचूप आत शिरत होती, ती आता दारात अडू लागली, आणि प्रत्येक अडण्याचा एक संदेश होऊ लागला. संदेश वाढले म्हणजे चुका वाढल्या, असा निष्कर्ष काढणे हे नवे थर्मामीटर आले म्हणून ताप वाढला म्हणण्यासारखे आहे.

त्याच प्रयोगशाळेतल्या जिम ग्रे यांनी ‘व्यवहार’ या कल्पनेला काटेकोर रूप दिले. एका खात्यातून हजार रुपये काढून दुसऱ्यात घालायचे, तर त्या दोन क्रिया मिळून एक व्यवहार. झाला तर पूर्ण होईल, नाही तर काहीच झाले नाही असे होईल. अर्धवट अवस्था उरणार नाही. म्हणून नियमात बसणाऱ्या डेटाबेसने ‘नाही’ म्हटले, तर त्याबरोबर एक आश्वासनही असते : तुमच्या आधीचा साठा जसा होता तसाच आहे. लाल ओळ पाहून धास्तावलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही. ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. जानेवारी २००७ मध्ये ते एकटेच शिडाच्या होडीतून समुद्रात गेले आणि परतले नाहीत.

व्यवहारांबरोबर एक विलक्षण प्रकारचा नकारही आला. समजा, कार्यालयात दोन लिपिक आहेत. एकाने जनरल रजिस्टर घेतले आहे आणि त्याला आता कॅशबुक हवे आहे. दुसऱ्याने कॅशबुक घेतले आहे आणि त्याला जनरल रजिस्टर हवे आहे. दोघेही शिस्तीचे; हातातले काम संपल्याशिवाय वही सोडणार नाहीत. मग दोघेही संध्याकाळपर्यंत बसून राहतील. याला डेडलॉक म्हणतात. डाइकस्ट्रा या डच शास्त्रज्ञाने त्याला ‘जीवघेणी मिठी’ असे नाव दिले होते. डेटाबेस हा पेच ओळखतो, दोघांपैकी एकाचे काम रद्द करतो आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देतो. ज्याचे रद्द झाले त्याच्या पदरी एरर मेसेज. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १२०५ क्रमांकाचा संदेश तर स्पष्टच सांगतो की तुमची निवड ‘बळी’ म्हणून झाली. इथे चूक कुणाचीही नाही. माहिती बरोबर, आज्ञा बरोबर, फक्त वेळ जुळली नाही. उपाय एकच, तेच काम पहिल्यापासून पुन्हा करणे. मायएसक्यूएलचा १२१३ क्रमांकाचा संदेश हा सल्लाही देतो.

एकच नकार, अनेक आकडे

१९८६ मध्ये एसक्यूएलचे पहिले अमेरिकी प्रमाण ठरले. त्यात उत्तराच्या संकेताबद्दल थोडकेच सांगितले होते : शून्य म्हणजे यशस्वी, १०० म्हणजे काही सापडले नाही, आणि चूक असेल तर ऋण संख्या. कोणत्या चुकीला कोणती संख्या, ते ज्याने त्याने ठरवावे. ठरवले! ‘हा क्रमांक आधीच आहे’ या एकाच नकाराला आयबीएमच्या डीबी-टूमध्ये उणे ८०३ म्हणतात, इन्फॉर्मिक्समध्ये उणे २३९, ओरॅकलमध्ये ‘ओआरए-००००१’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये २६२७ आणि मायएसक्यूएलमध्ये १०६२. एका कंपनीची आज्ञावली सोडून दुसरीची घेतली की सगळे पाठांतर नव्याने करायचे.

१९९२ च्या प्रमाणात यावर तोडगा काढला, तो आपल्याला ओळखीचा वाटेल असा आहे. टपालाचा पिनकोड घ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो भारतात सुरू झाला. सहा आकड्यांतला पहिला देशाचा विभाग सांगतो, आणि पुढचे आकडे आपल्याला हळूहळू गावाजवळ नेतात. ४११ पाहिले की पुढचे तीन आकडे माहीत नसले तरी पत्र पुण्याकडचे हे कळते. एसक्यूएलचा नवा संकेत पाच चिन्हांचा. पहिली दोन वर्ग सांगतात, उरलेली तीन त्या वर्गातला नेमका प्रकार. ०० म्हणजे सगळे ठीक, ०१ म्हणजे काम झाले पण एक सूचना आहे, ०२ म्हणजे काही सापडले नाही. ०८ म्हणजे संपर्कच तुटला. २२ म्हणजे दिलेल्या मूल्यातच दोष आहे. शून्याने भागाकार इथे येतो, २२०१२. २३ म्हणजे साठ्याचा नियम मोडत होता. ४० म्हणजे व्यवहार मागे घेतला, डेडलॉकचे घर हेच. ४२ म्हणजे आज्ञेची वाक्यरचना चुकली किंवा तुम्हाला तो अधिकार नाही.

या वर्गवारीचा खरा उपयोग असा की दोष कुठे शोधायचा ते पहिल्या दोन आकड्यांत समजते. २२ आणि २३ असेल तर माहितीकडे बघा, ४२ असेल तर आज्ञावली लिहिणाऱ्याला गाठा, ०८ असेल तर तारेकडे बघा, ४० असेल तर चहा घेऊन या आणि पुन्हा प्रयत्न करा. पाचही चिन्हे पाठ करण्याची गरज नाही.

जुने झालेले छायाचित्र

ओरॅकलच्या संदेशांमधला एक इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यात नकारामागचा विचार फार स्वच्छ दिसतो. तो आहे ‘ओआरए-०१५५५’. त्याचा मथळा म्हणतो की छायाचित्र फार जुने झाले. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटावे की कुणाचा तरी फोटो बदलायचा आहे.

दोन खाती घ्या. एकात ५००० रुपये, दुसऱ्यात ३०००. एकूण ८०००. एक आज्ञावली बेरीज करायला निघाली आणि तिने पहिले खाते वाचले, ५०००. तेवढ्यात दुसऱ्या कुणी पहिल्या खात्यातले १००० रुपये दुसऱ्या खात्यात हलवले. मग आपल्या आज्ञावलीने दुसरे खाते वाचले, ४०००. बेरीज झाली ९०००. बँकेत कधीच नसलेले हजार रुपये कागदावर आले, आणि प्रत्येक आकडा ज्या क्षणी वाचला त्या क्षणी खरा होता! मुलांना हे फळ्यावर जरूर करून दाखवावे.

ओरॅकल हे असे टाळते : बेरीज दहा वाजता सुरू झाली असेल, तर शेवटपर्यंत दहा वाजताचेच चित्र दाखवायचे. मध्ये कुणी रक्कम बदलली तर जुनी रक्कम एका राखीव जागेत उतरवून ठेवायची, आणि बेरीज करणाऱ्याला तिथली द्यायची. राखीव जागा मात्र मर्यादित असते; ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसून त्यावर नव्या लिहिल्या जातात. बेरीज फारच लांबली आणि दहा वाजताची रक्कम पुसली गेली, तर काय करावे? आत्ताची रक्कम देऊन वेळ मारून नेता आली असती. कुणाच्या लक्षातही आले नसते. ओरॅकल थांबतो आणि ०१५५५ देतो. रात्री दोन वाजता चार तासांचे काम वाया गेलेल्या माणसाला या सचोटीचे कौतुक वाटणे कठीण आहे, हेही खरे.

याच घराण्यातला ‘ओआरए-००६००’ मात्र निराळा. त्यात कंसांमध्ये काही आकडे येतात. ते आपल्यासाठी नसतातच. ओरॅकलच्या अभियंत्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या खुणा आहेत. आत असे काही घडले की जे घडेल असे त्यांनाही वाटले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याच्या नावाचे पत्र हातात पडल्यावर आपण जे करतो तेच इथे करायचे : जसेच्या तसे पुढे पाठवायचे.

मालफंक्शन ५४

संदेश कसा नसावा, याचे सर्वांत दुःखद उदाहरण डेटाबेसच्या बाहेरचे आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे संगणक-नियंत्रित यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याच्यामुळे सहा अपघात झाले. रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग मिळाला, काहींचा मृत्यू झाला. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात ऑपरेटरने उपचाराचा प्रकार दर्शवणारे एक अक्षर चुकीचे टंकले, लगेच सुधारले, आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर आले ‘मालफंक्शन ५४’. यंत्राबरोबरच्या कागदपत्रांत त्याचा अर्थ जवळजवळ दोनच शब्दांत होता, आणि त्यांवरून मात्रा जास्त गेली की कमी हेही कळत नव्हते. असे संदेश त्या यंत्रावर सारखे येत, आणि एक कळ दाबून पुढे जाण्याची सोय होती. ऑपरेटरने ती दाबली. पुढच्याच महिन्यात तिथे पुन्हा तसेच घडले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या साऱ्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

हा अपघात केवळ संदेशाच्या शब्दांमुळे झाला असे नाही. आज्ञावलीत दोष होते आणि जुन्या यंत्रांत असलेले सुरक्षेचे यांत्रिक अडसर काढून टाकले होते. पण रोज उठून ‘लांडगा आला’ म्हणणारा पडदा आणि ‘पुढे चला’ म्हणणारी कळ, ही जोडी घातक आहे. मेरिलंड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९८२ मध्येच संगणकाच्या संदेशांच्या शब्दयोजनेवर लिहिले होते. वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे आणि घाबरवणारे शब्द टाळा, नेमके काय हवे ते सांगा, हा त्यांचा आग्रह. आणि नेमके संदेश मिळाले तर लोक चूक जास्त चांगली दुरुस्त करतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले होते. शिक्षकांना यात नवे काही वाटू नये. वहीवर नुसती लाल फुली मारण्याने काय साधते, ते आपल्याला माहीत आहे.

मुद्दाम न सांगितलेले

मग डेटाबेसने सगळे स्वच्छ सांगावे हेच बरे, असे कुणी म्हणेल. तेही पुरते खरे नाही. ओरॅकलचा ‘ओआरए-००९४२’ म्हणतो की असा तक्ता नाही. तक्ता खरोखर नसेल तर हा संदेश येतो, आणि तक्ता आहे पण तुम्हाला तो पाहण्याचा कसलाच अधिकार नाही, तरीही हाच येतो. ‘तक्ता आहे, पण तुम्हाला नाही’ असे म्हटले तर आत काय आहे ते बाहेरच्याला समजेल. नाव किंवा परवलीचा शब्द चुकला, तर दोहोंपैकी कोणता ते न सांगण्याची पद्धत याच कारणाने पडली.

वेबच्या काळात हा प्रश्न गंभीर झाला. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या संगणकावरच निघणाऱ्या नियतकालिकात एक लेख आला. संकेतस्थळावरच्या रकान्यात नावाऐवजी एसक्यूएलचा तुकडाच लिहिला, तर काही ठिकाणी डेटाबेस तो आज्ञा म्हणून पाळतो, हे त्यात दाखवले होते. लवकरच लोकांना कळले की अशा वेळी एरर मेसेज हाच फितूर होऊ शकतो. परवलीचा शब्द संख्या समजून बदलून दाखव, असे डेटाबेसला सांगायचे. तो प्रामाणिकपणे तक्रार करतो की ‘अमुक अमुक’ या मजकुराची संख्या होत नाही. आणि ते ‘अमुक अमुक’ म्हणजेच परवलीचा शब्द! म्हणून मग खरा संदेश आतल्या नोंदवहीत लिहायचा आणि बाहेर फक्त ‘काही तरी चुकले’ एवढेच दाखवायचे, असा प्रघात पडला. आपल्याला दिसणारा पोकळ संदेश बऱ्याचदा या सावधगिरीतून आलेला असतो. चांगल्या प्रणालीत त्यासोबत एक नोंदक्रमांक देतात. तो टिपून कळवला की आतल्या माणसाला नोंदवहीतली नेमकी ओळ काढता येते. नोंदक्रमांक न देता नुसते ‘काही तरी चुकले’ म्हणणे ही सुरक्षितता नसून आळस आहे, असे माझे मत आहे.

संदेशांच्या भाषेकडे मनापासून लक्ष दिले ते पोस्टग्रेस-एसक्यूएल या मुक्त डेटाबेसच्या लोकांनी. नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या ७.४ या आवृत्तीपासून त्यांनी पाच चिन्हांचे संकेत स्वीकारले आणि संदेशाचे तुकडे पाडले : एक ओळ काय झाले याची, एक तपशिलाची, आणि शक्य असेल तेव्हा एक सूचनेची. जनरल रजिस्टरचा ४१२७ हा क्रमांक दोनदा घालायला गेलात, तर वर्ग २३ मधला संकेत २३५०५ येतो, कोणता नियम आड आला त्याचे नाव येते, आणि तपशिलात ४१२७ हे मूल्य आधीच आहे असे सांगितले जाते. जानेवारी २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून रकान्याचे नाव किंचित चुकले, तर ‘तुम्हाला हा रकाना तर म्हणायचा नव्हता?’ अशी सूचनाही मिळू लागली.

संदेश कसे लिहावेत याचे त्यांचे नियमही ठरलेले आहेत. ‘बेकायदा’ हा शब्द नको, कारण कायदा कुणी मोडलेला नाही. आणि दोन क्रियापदांत गल्लत नको. मराठीत सांगायचे तर ‘फाइल उघडता आली नाही’ आणि ‘फाइल उघडता येत नाही’ ही दोन निराळी वाक्ये आहेत. पहिल्यात आत्ता जमले नाही, कारण दूर केले तर जमेल. दुसऱ्यात ते मुळात होणारच नाही.

आयएमएस अजूनही वापरात आहे, विशेषतः मोठ्या बँकांत. तिथे असलेली नोंद पुन्हा घालायचा प्रयत्न झाला तर ती आजही ‘आयआय’ हीच दोन अक्षरे देते. ती एक कोबोल आज्ञावली वाचते, तिचे उत्तर दुसरी वाचते, दुसरीचे तिसरी, आणि शेवटी कुणाच्या तरी मोबाइलवर ‘कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे उमटते. वर्ग ४० चा नकार असता तर हा सल्ला अगदी योग्य होता. ‘आयआय’ मात्र तासाभराने केला तरी ‘आयआय’च येणार.